तांदळातलं नाव

खंडेनवमीला लोखंड बसून खातं आणि माणसं राबतात. मष्णूआप्पांच्या मिरची कांडायच्या डंकावर तर उजाडल्यापासून नुसती धांदल उडाली होती. एरवी उखळात धाडधाड आदळून अख्ख्या निपाणीची तिखट चटणी कांडणारी ती लोखंडी मुसळं आज न्हाऊनधुऊन, कुंकवाचे पट्टे ओढून, झेंडूच्या माळा घालून उभी होती. खाली पाटावर तराजू, विळ्या, पाने, हातोडी आणि नातीचा, रचनाचा लॅपटॉप असे सगळे ओळीनं देवाला बसले होते. त्यांच्या मुलानं, महादेवनं आपला मोबाईलही ठेवला होता आणि घटकेघटकेला त्याच्याकडे चोरून बघत होता.

"आई, तुझा बी फोन ठेव की पूजेला," तो म्हणाला.

"ठेवतो बघ!" गुणाबाई कडाडल्या. "माझं गिऱ्हाईक खंडेनवमी बघून फोन करत न्हाय."

'गुणाबाई चटणी'च्या लाल पाकिटावर त्यांचं नाव होतं, डोक्यावर पदर घेतलेला त्यांचा फोटो होता आणि खाली त्यांच्या स्वतःच्या फोनचा नंबर होता. कुणाची चटणी फिकी निघो, कुणाची जळजळीत, गुणाबाई जातीनं फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, "माझं नाव हाय, मला इचारा." फोन घ्यायला एखादी मुलगी ठेवू या, असं महादेवनं एकदा सुचवून बघितलं होतं. "तिचं नाव गुणाबाई हाय काय?" एवढंच त्यांनी विचारलं आणि तो विषय तिथंच मिटला. नावाची त्यांना भारीच काळजी. रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन त्या बाजारपेठेत चक्कर मारायच्या आणि रस्त्यात, गटारीच्या काठाला पडलेली आपली रिकामी पाकिटं वेचून आणायच्या. आपल्या नावावर कुणाचा पाय पडलेला त्यांना खपत नसे. दुकानदार हसायचे, "गुणाबाई, आज किती नावं गावली?" त्याही हसायच्या, पण वाकायच्या थांबायच्या नाहीत.

मंगल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सुपात कारळं पाखडत होती. अंगणात काय चाललंय ते तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. सून म्हणून ह्या घरात आल्यापासून तिनं ही जागा धरली होती.

अंगणात दोन स्टुलांवर एक लांबलचक पाटी आडवी ठेवली होती आणि तिच्यापुढं गुंडू पेंटर मांडी घालून पोह्यांची दुसरी बशी संपवत होता. पाटी रंगवून, किनार काढून तयार होती. वर कानडी अक्षरांची जागा, खाली मराठीची, दोन्ही पेन्सिलीनं आखलेल्या. नुसतं नाव तेवढं राहिलं होतं. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर बेळगावात, कॅम्पात, ह्यांचं नवं दुकान उघडणार होतं आणि पाटी घेऊन जायला टेम्पो दुपारी यायचा होता.

"मी आपला आधीच सांगून ठेवतो," गुंडू म्हणाला. "माझे ब्रश बी पूजेला बसणार. एकदा त्यांच्यावर कुंकू पडलं की उद्या सकाळपर्यंत मी हात लावत न्हाय. माझ्या बापानं लावला न्हाय, मी लावत न्हाय. काय नाव घालायचं ते पूजेच्या आधी सांगा."

"सांगायचं काय त्यात?" महादेव म्हणाला. "गुणाबाई. घाल."

"पप्पा!" रचना जिन्यावरूनच ओरडली आणि धाडधाड खाली आली. "असं ठरलं नव्हतं आपलं."

मंगलच्या हातातलं सूप थांबलं.

खरं तर हे दुकान निघालं होतं तेच मंगलच्या काळ्या चटणीपायी. तिचं माहेर जांबोटीचं. तिकडं डोंगरउतारावर कारळं पिकतात. ती भाजून, लसूण-मिरची घालून, चिंचेऐवजी आमसुलाची आंबटाई देऊन तिच्या आईकडं चटणी व्हायची. मंगल ती घरापुरती करायची, ताटाच्या कडेला वाढायची, आणि सगळे आधी तीच संपवायचे. मागच्या दिवाळीत रचनानं त्या चटणीच्या साध्या कोऱ्या पिशव्या भरून कॅम्पातल्या मैत्रिणीकडं नेल्या. तिथं फौजेतल्या लोकांची घरं. एका घरातून दुसऱ्या घरात वास गेला असावा. आठवड्यात पिशव्या संपल्या, महिन्यात बायका पत्ता विचारायला लागल्या, आणि वर्षाच्या आत गाळा घ्यायची वेळ आली.

"चटणी आईची," रचना म्हणाली. "मग पाटीवर नाव आईचं नको?"

"अगं, नाव म्हणजे काय चिकटवायची टिकली हाय?" महादेव म्हणाला. "आज्जीची हयात गेली तेवढं नाव करण्यात. कोल्हापूर-बेळगावात लहान पोर ओळखतंय. तयार नाव सोडून नवं कशाला काढायचं? तुझ्या कालेजात असलं शिकवत्यात काय?"

"आप्पा, तुम्ही सांगा," रचनानं आजोबांकडं मोर्चा वळवला.

मष्णूआप्पा शेवटच्या मुसळाला माळ बांधत होते. "पोरीचं बरोबर हाय," ते म्हणाले.

"आप्पा!" महादेव म्हणाला.

"तुझं बी बरोबर हाय," ते म्हणाले आणि माळेची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधायला लागले. घरात भांडण झालं की मष्णूआप्पा शेवटच्या बोलणाऱ्याच्या बाजूचे असत. त्यामुळं त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं.

मंगलला पाटीवर आपलं नाव हवं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण हवं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की तिला कॅम्पातला तो गाळा दिसायचा, आणि दारावरची पाटी दिसायची, आणि त्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचता वाचता तिला झोप लागायची. आयुष्यात तिनं हट्ट असा कधी केला नव्हता. लग्नात शालूचा रंग सासरनं ठरवला, मुलीचं नाव आत्यानं ठेवलं, घराचा रंग महादेवनं निवडला. ही एक चटणी तेवढी तिची होती. सुपातल्या काळ्याभोर कारळ्यांवर तिनं नकळत बोटानं एक अक्षर ओढलं, आणि कुणी बघेल म्हणून पटकन सूप हलवलं.

एवढ्यात दारातून आरोळी आली.

"नागूआक्का! ए नागूआक्का! हात दे गं जरा, खांदा मोडला माझा!"

मंगलचा धाकटा भाऊ परशराम, पाठीवर कारळ्यांचं पोतं घेऊन आत शिरला. जांबोटीहून गाडीचा भरवसा नसतो, म्हणून तो बिचारा अंधारातच निघून गाडी गावेपर्यंत कोस-दोन कोस चालत आला होता.

"कोण रं माझ्या आईला हाक मारतंय?" मष्णूआप्पांनी दचकल्याचं नाटक केलं. परशराम आला की ते हे दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी सगळे हसायचे.

त्याला कारण होतं. मंगल हे नाव तिचं सासरचं. आईबापांनी तिचं नाव नागुबाई ठेवलं होतं. पण ती लग्न होऊन आली तेव्हा ह्या घरात एक नागुबाई आधीच होत्या, मष्णूआप्पांच्या आई, म्हणजे गुणाबाईंच्या सासूबाई. त्या चांगल्या खणखणीत होत्या. वडीलधाऱ्या बाईचं नाव नव्या सुनेला कसं चालेल? सुनेला 'ए नागू, भांडी घास' म्हटलं तर ते थोरलीला जाऊन लागायचं. म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, आणि महादेवनं बोटातल्या अंगठीनं त्यात 'मंगल' असं लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून नागू राहिली ती फक्त जांबोटीत.

"बरं झालं, मामा आला," रचना म्हणाली. "मामा, दुकानावर नाव कुणाचं पायजे?"

"चटणी कोण करतंय?"

"आई."

"मग त्यात इचारायचं काय?" परशरामनं पोतं टेकवलं. मग सगळ्यांचे चेहरे बघितले आणि सुरात जरा पाणी घातलं. "म्हणजे, दाजी म्हणतील तसं म्हणा."

आता सगळ्यांचे डोळे गुणाबाईंकडं वळले. त्या तुळशीच्या कट्ट्यावर बसून पूजेच्या अक्षता निवडत होत्या. ताटातला एक खडा काढून त्यांनी बाजूला फेकला.

"मला कुणाच्या नावाचं वाकडं न्हाय," त्या म्हणाल्या. "पर एक ध्यानात घ्या. आमच्या थोरल्या दिरानं तंबाखूच्या वखारीवर दुसऱ्या नावाची पाटी लावली. हौसेनंच लावली, भांडण न्हवतं, तंटा न्हवता. दिवाळी यायच्या आत मागच्या परड्यातनं भिंत आली. जेवायला एकत्र बसणारी माणसं भिंतीवरनं एकमेकाची मांजरं हाकलायला लागली. मी बघितलंय ते. मला माझ्या डोळ्यादेखत परत भिंत बघायची न्हाय. एका डंकाचं नाव एकच असूं दे."

 मंगलला वाईट ह्याचं वाटलं की सासूचं बोलणं खोटं नव्हतं. भिंत तिलाही नको होती.

"आई, तू बोल की!" रचना तिच्याकडं वळून म्हणाली. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं पोरीच्या. "नुसतं बसून ऱ्हातीस. तुला पायजे का नको?"

"आत्ती म्हणतील तसं," मंगल सासूकडं बघून म्हणाली, आणि कारळं पाखडायला लागली.

"झालं तर," महादेव हातावर हात झटकून म्हणाला. "गुंडू, घाल गुणाबाई."

गुंडूनं बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या, ब्रश रंगात बुडवला. आणि तेवढ्यात गुणाबाईंचा फोन वाजला.

गुणाबाईंना कानानं जरा कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्यानं चालायचा. निम्म्या गल्लीला त्यांची गिऱ्हाइकं आवाजावरनं ओळखीची झाली होती.

"हॅलो, गुणाबाई का?" बाईचा आवाज आला. "मी बेळगावातनं बोलत्ये, कॅम्पातनं. तुमच्या नातीकडनं ती काळी चटणी घेतली होती ना, कारळ्याची. पावसानं सादळली हो ती. गोळे व्हायला लागलेत. काय करू?"

"त्यात काय अवघड?" गुणाबाई ठसक्यात म्हणाल्या. "माझं नाव हाय, मला इचारा. कापड पसरा, कडक उन्हात चांगली दोन दिवस वाळवा, मग..."

"उन्हात न्हाय!"

 मंगल उंबऱ्यातून उठून उभी राहिली होती. सूप कलंडून कारळं पायाशी सांडली होती. सासूच्या बोलण्यावर ती इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती, आणि आता बोलली ती गल्लीला ऐकू जाईल अशी. तिचं तिलाच कळेना की आवाज कुठून आला. पण फोनवरची बाई खरोखरच चटणी उन्हात घालेल ह्या धास्तीनं पाय थांबेनात. ती तरातरा कट्ट्याजवळ आली.

"उन्हात घालू नका बाई," ती फोनकडं वाकून म्हणाली. "तिखटाची चटणी उन्हात चालती. ह्यात कारळ्यांचं तेल हाय. ऊन लागलं की खवट हुती, मग टाकूनच द्यावी लागती. तवा तापवा, गॅस बंद करा, आणि त्या तव्यावर नुसती परतून घ्या. पूर्ण गार झाली की काचेच्या बरणीत भरा. वल्ला चमचा घालू नका."

"अय्या, बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाली. "आता उन्हातच टाकणार होते. तुम्ही कोण?"

"मी... त्यांची सून."

"सून हो, पण नाव काय तुमचं? पुढच्या वेळी कुणाला मागू?"

 एवढं साधं विचारलं होतं बाईनं, आणि मंगलला सांगता येईना. तिनं सासूकडं बघितलं. गुणाबाईंनी फोन आपल्या तोंडाशी नेला.

"बाई, जरा वेळानं फोन करा," त्या म्हणाल्या. "नाव ठरायलंय."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

 आत्ती चिडल्या, असं मंगलला वाटलं. तिनं पदर सावरला. "चुकलं माझं," ती पुटपुटली. "मधी बोलायला नको हुतं."

"नको हुतं?" गुणाबाई म्हणाल्या. "मधी बोलली नसतीस तर त्या बाईची चटणी मी नासवली असती! माझ्या नावानं!" आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसतं पोट हललं, मग पदर तोंडाला लागला, मग डोळ्यांतून पाणी. "अगं, माझं नाव हाय मला इचारा म्हणतो मी, आणि इचारलं तर मला येईना! आजवर असं कधी झालं न्हवतं बघ."

"आई, त्यात काय, आपण फोन मंगलला देत जाऊ," महादेव म्हणाला. "नाव तुझं, उत्तर तिचं."

"गप रं," गुणाबाई म्हणाल्या. हसू थांबलं होतं. "ज्याला इचारत्यात त्याला ठावं असाय पायजे. माझ्या नावावर मला ठावं नसलेली चटणी खपवू? आणि उद्या तिची रिकामी पाकिटं माझ्या नावानं गटारीत पडली तर ती बी मीच उचलायची? माझी कंबर आधीच गेलीया. तिची तिनं उचलावीत."

मंगलच्या ते लगेच ध्यानात आलं नाही. रचनाच्या आलं. ती "आज्जी!" म्हणून गळ्यात पडायला धावली, ती गुणाबाईंनी हातानं थोपवली.

"आणि भिंत?" महादेव म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "तूच म्हणालीस न्हवं मघाशी?"

"मला भ्या वाटतंय, ते वाटतंयच," गुणाबाई म्हणाल्या. "म्हणून सांगतो, डंक एकच ऱ्हाईल. कारळं बी इथंच कांडायची. सकाळी पयल्यांदा जैनांच्या बायकांची चटणी, कांदा-लसूण नसलेली. त्यांच्या मागनं हिची. आणि हिच्या मागनं माझी."

मष्णूआप्पांच्या हातातली माळ सुटली. डंकावर नंबराला फार मान. धुतलेल्या उखळात आधी कुणाचं पडणार ह्यावरनं ह्या अंगणात बायकांच्या झिंज्या निघालेल्या त्यांनी बघितल्या होत्या. जैनांच्या घाण्यामागचा नंबर गुणाबाईंचा, हे डंक आला तेव्हापासून ठरलेलं होतं. तो नंबर त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता.

"आत्ती, तुमचा नंबर कशाला?" मंगल म्हणाली. 

"माझी लाल चटणी आधी पडली तर तुझ्या काळीला तिखटाचा वास लागंल. एवढं बी मला कळंना व्हय?"

"बरं मग," गुंडू पेंटरनं वर बघितलं. भटजी दारात चपला काढत होते. "ब्रश वाळायलाय. मंगल घालू का?"

"थांब," गुणाबाई म्हणाल्या. "मंगल हे नाव आमी ठेवलेलं. घरात थोरल्या नागुबाई हुत्या म्हणून. त्या तर सुखानं गेल्या, त्याला किती वर्षं झाली. आता त्या नावाला कोण अडवणार?" त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "का हो? तुमची काय हरकत?"

मष्णूआप्पा आज पहिल्यांदाच कुणाच्या तरी बाजूनं ठाम बोलले. "माझी कसली हरकत? दुकानात कुणी नागुबाई म्हणून हाक मारली तर मला वाटंल, माझी आईच बसलीया गल्ल्यावर," ते म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले.

गुणाबाईंनी मांडीवरचं अक्षतांचं ताट उचललं, बोटांनी तांदूळ सारखे केले आणि लेकापुढं धरलं.

"तूच लिवलंतंस तवा. तूच लिही."

 महादेवनं बोटातली अंगठी काढायला बघितली. लग्नातलीच अंगठी, पण बोट आता लग्नातलं राहिलं नव्हतं. ती काही निघेना. परशराम म्हणाला, "दाजी, साबण आणू?" तशी हसण्याची लाट उसळली. शेवटी महादेवनं मूठ वळून अंगठीसकट बोट तांदळावर टेकवलं. आणि थांबला.

"चालंल न्हवं तुला?" त्यानं बायकोला विचारलं.

लग्नाच्या मंडपात चारशे माणसं होती, तेव्हा हे कुणीच विचारलं नव्हतं. तिनं तेव्हा मान खाली घालून तांदळात उमटणारी परकी अक्षरं वाचली होती आणि ती आपली मानून घेतली होती. तिचा राग कुणावर नव्हता, मंगल म्हणून ती सुखातच राहिली होती. पण जांबोटीच्या पावसात आईनं जिला हाक मारली होती, ती पोर इतकी वर्षं कुठं बसून होती, हे तिला आत्ता कळलं. तिला रडूही आलं आणि हसूही आलं.

"चालंल की," ती म्हणाली. "लिवा."

महादेवनं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं झालं, पण चार माणसांना वाचता आलं. गुंडूनं ताटाकडं एकदा बघितलं, जीभ दातात धरली आणि पाटीवर ब्रश टेकवला. खाली मराठी झालं, वर कानडी झालं. शेवटचा फराटा ओढून त्यानं ब्रश पुसला, हात जोडले आणि तो पाटावर नेऊन ठेवला. भटजींनी त्याच्यावर कुंकू टाकलं.

आरती निम्म्यावर आली तेव्हा फोन पुन्हा वाजला. महादेवनं सवयीनं आईकडं बघितलं. गुणाबाई टाळ्या वाजवत होत्या. एक हात मोकळा करून त्यांनी फोन उचलला, नंबर डोळ्यांपुढं लांब धरून बघितला, आणि तो सुनेच्या हातात कोंबला.

"तुझं गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागल्या.

मंगल घंटेच्या आवाजातून बाजूला झाली. तिनं फोन कानाला लावला. 

"व्हय, मघाचीच मी," ती म्हणाली. "नागुबाई. माझंच नाव हाय. इचारा."